रविवारचा गोळाभात, पोट्ट्यांना सोबत घेऊन: कधी काय करायचं आणि कुठे फसतं

गोळाभात म्हणजे वाटलेल्या डाळीचे गोळे भातावर ठेवून वाफवायचे आणि वर तेलाची फोडणी घेऊन खायचे. तो फसला की सगळ्यांची तक्रार तीनपैकी एक असते. गोळे फुटले, गोळे आतून कच्चे राहिले, नाहीतर भात पिवळा झाला आणि गोळे कुठे गेले तेच कळलं नाही. आणि मग लोक विचारतात की मसाला किती टाकायचा. अरे बाप्पा, मसाल्याने गोळाभात कधी बिघडत नाही, बिघडतो डाळीतल्या पाण्याने आणि गोळे भातावर ठेवायची वेळ हुकल्याने, ती वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांची असते.

आमच्या घरी बायकोची रविवारी ड्युटी असते, त्यामुळे रविवारचं जेवण माझ्याकडे, आणि सोबत नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा पोरगा. पहिल्यांदा केला तेव्हा मी उकळत्या पाण्यात सगळे गोळे एकदम सोडले होते, पंधरा गोळे, पोरांनी अर्धा तास बसून वळलेले. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर आत वरणभात. लेक रडली आणि आई वर्ध्याहून फोनवर म्हणाली, "खा आता, पोटात जाऊन तेच होते." तेव्हापासून जे जे चुकलं ते लिहून ठेवत गेलो, ते हे.

खालचं प्रमाण दोन मोठे आणि दोन लहान इतक्यांना पुरतं. वाटी म्हणजे घरातली कुठलीही एक, पण सगळ्याला तीच वापरा.

सामान

गोळ्यांना: चणाडाळ १ वाटी, तूरडाळ पाव वाटी, सांबार (म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या लोकांसाठी सांगतो, वरणासोबतचं सांबार नाही) एक मोठी मूठ, लसूण ७-८ पाकळ्या, अद्रक अर्धा इंच, जिरे १ चमचा, ओवा पाव चमचा, हळद, हिंग, मीठ, हिरव्या मिरच्या २-३, आणि मोहनाला फल्ली (शेंगदाणा) तेल २ चमचे.

भाताला: तांदूळ दीड वाटी, पाणी ४ वाट्या, मीठ.

वरून घ्यायला: फल्ली तेल पाऊण वाटी, मोहरी, लसूण १०-१२ पाकळ्या, हिंग, सुक्या लाल मिरच्या ३-४, तिखट. सोबत सारासाठी लिंबाएवढी चिंच आणि गूळ.

तांदूळ मोकळा होणारा पाहिजे. आमच्याकडे एचएमटी असतो, जो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात निवडून निवडून तयार केला. जय श्रीराम जातीचा घेतला तरी चालतो. चिन्नोर वासाला भारी असतो, पण मऊ होतो, आणि त्यावर गोळे ठेवले की ते खाली रुततात, म्हणून चिन्नोर वरणभाताला ठेवा. तांदूळ नवा असेल तर पाणी अर्धी वाटी कमी करा.

१. शनिवारी रात्री: डाळ भिजवणं

पहिली चूक इथेच होते. रविवारी सकाळी नऊ वाजता आठवतं की आज गोळाभात, मग गरम पाण्यात तासभर डाळ भिजवून काम उरकायला जातो. अशी डाळ बाहेरून नरम आणि आतून टणक राहते, मिक्सरमध्ये तिचे एकसारखे तुकडे होत नाहीत, आणि गोळा शिजला तरी दाताखाली कचकच लागतं.

चणाडाळीला कमीत कमी चार तास पाहिजेत, सहा झाले तर छान. शनिवारी झोपताना धुऊन भिजवा, पाणी डाळीच्या तीन बोटं वर. एप्रिल-मे मध्ये नागपुरात रात्री किचनमध्ये काय गरम असतं ते सांगायला नको, ओट्यावर ठेवलेली डाळ सकाळपर्यंत फसफसते आणि आंबूस वास मारते, त्यामुळे उन्हाळ्यात भांडं सरळ फ्रीजमध्ये. थंडीत बाहेर ठेवलं तरी चालतं, फक्त पाणी कोमट घ्या.

पाच वर्षांच्या पोराचं काम: ताटात डाळ पसरून खडे आणि काळे दाणे निवडणं. हे त्याला शनिवारी संध्याकाळीच द्या, सकाळी घाईत दिलं तर डाळ जमिनीवर जाते.

तपासा: भिजलेला दाणा नखाने दाबला की सहज तुटला पाहिजे आणि आत पांढरा ठिपका दिसायला नको.

२. सकाळी: निथळणं, ज्याला सगळे टाळतात

डाळीतलं पाणी ओतून टाकून लगेच वाटायला घेऊ नका. चाळणीत टाका आणि अर्धा तास तशीच ठेवा, खाली ताट. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, चहा-नाश्ता होतो तेवढ्यात. मग सुती कपड्यावर पसरून वरून दुसरा कपडा हलका दाबा.

सांबारही रात्रीच धुवून कपड्यावर पसरून ठेवा. ओला सांबार चिरून टाकला की अख्खं मिश्रण सैल होतं आणि मग माणूस त्यात बेसन टाकत बसतो, बेसन टाकलं की गोळा घट्ट होतो, घट्ट झाला की आत शिजत नाही. एका ओल्या जुडीमुळे हे सगळं रामायण. माझ्या हिशोबाने फुटलेल्या दहापैकी आठ गोळ्यांचं कारण हे न निथळणंच असतं.

याच कारणाने गोळ्यात कांदा टाकू नका. टाकणारे टाकतात आणि चव येतेही, पण मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो, आणि पोरं वळायला वेळ लावतात तोपर्यंत परातीत तळं झालेलं असतं.

३. वाटणं: जाडसर, पण किती जाडसर

पाणी अजिबात टाकायचं नाही. मिक्सरचं लहान भांडं, एका वेळी अर्धं भरेल एवढीच डाळ, आणि बटण उलटं फिरवून थांबत थांबत, दोन सेकंद चालू, बंद, भांडं हलवा, परत दोन सेकंद. सलग फिरवलं की खालची डाळ लोण्यासारखी होते आणि वरची अख्खी राहते.

वाटलेली डाळ कशी दिसली पाहिजे? जाड रव्यासारखी, त्यात मधेमधे डाळीचे अर्धे तुकडे, साधारण चमच्यात पाच-सहा दिसतील एवढे. बारीक पेस्ट झाली तर गोळा चिकट होतो आणि शिजल्यावर रबरासारखा लागतो. फार जाड राहिली तर बांधलाच जात नाही. वाटून झाल्यावर एक चमचाभर मिश्रण बोटांत घेऊन चोळा, बोटाला चिकटलं पाहिजे आणि दाणेही लागले पाहिजेत, दोन्ही एकाच वेळी.

लसूण, अद्रक, जिरे डाळीसोबतच वाटा. मिरची नाही. मिरची का नाही ते पुढच्या पायरीत.

लेकीचं काम: मिक्सरच्या झाकणावर हात ठेवणं आणि "थांब" म्हणणं. बटण मी फिरवतो. भांडं काढायच्या आधी प्लग काढायचा हा आमच्या घरचा नियम, तो तिच्याकडूनच वदवून घेतो म्हणजे मीही विसरत नाही.

४. मिश्रणाचे दोन भाग, आणि मीठ सगळ्यात शेवटी

परातीत वाटलेली डाळ, सांबार, हळद, हिंग, ओवा चुरून. आता दोन चमचे फल्ली तेल गरम करून वरून मोहन टाका आणि हाताने चोळा. मोहनाशिवाय गोळा कोरडा ठाक होतो, घशात अडकतो, लहान पोरांना तर पाण्याशिवाय उतरत नाही.

आता यातला अर्धा भाग बाजूला काढा. हा पोरांचा. उरलेल्या अर्ध्यात ठेचलेली हिरवी मिरची टाका, हा मोठ्यांचा आणि हा मोठ्यांनीच वळायचा.

सावध: मिरचीचं मिश्रण पोरांच्या हाती देऊ नका. खायला तिखट लागेल हा प्रश्न नंतरचा. ते त्याच हाताने डोळे चोळतात. आमच्याकडे एकदा झालं, पोरगा अर्धा तास नळाखाली डोळे धरून उभा आणि मी त्याच्या बाजूला. तेव्हापासून दोन पराती.

मीठ वळायला बसायच्या दोन मिनिटं आधी, त्याआधी नाही. दोन्ही भागांत वेगवेगळं टाकायचं आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर पोरांचे गोळे आळणी निघतात. माझे निघालेत.

मुठीची परीक्षा: थोडं मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. बोटांचे ठसे उमटलेला मुटका जागेवर राहिला, आणि अंगठ्याने ढोसला की भसकन तुटला, तर बरोबर. बोटांच्या फटीतून ओल दिसली तर चमचा-दोन चमचे डाळीचा भरडा टाका, नसेल तर जाडसर बेसन, पण दोन चमच्यांच्या वर जाऊ नका. मुटका बनतच नसेल तर आधी चमचाभर तेल, पाणी नको.

५. गोळे वळणं

हा पोरांचा खरा कार्यक्रम. खाली पेपर अंथरा, परात मधे ठेवा, एका वाटीत तेल. तेलाचं बोट तळहाताला लावायचं आणि लहान लिंबाएवढा गोळा घ्यायचा. एवढ्या मिश्रणाचे चौदा-पंधरा होतात.

वळायची पद्धत पोरांना दाखवून द्यावी लागते. ते लाडवासारखं गोल गोल फिरवत राहतात, त्याने गोळा बाहेरून गुळगुळीत होतो आणि आत भेगा राहतात. आधी मुठीत तीन-चारदा घट्ट दाबायचं, मग शेवटी दोनदा फिरवायचं. दाब, दाब, दाब, फिरव. आमचा पोरगा हे मोठ्याने म्हणत म्हणत वळतो, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातं.

आणि हो, ते नुसते गोळे वळणार नाहीत. डायनासोर निघेल, गाडी निघेल, आमच्याकडे एकदा मेट्रो निघाली, सहा डब्यांची. अडवू नका, त्याच्यासाठीच तर ते ओट्याजवळ आलेत. फक्त दोन अटी: कुठलाही भाग आपल्या अंगठ्यापेक्षा जाड नको, आणि बारीक शेपट्या, पाय वगैरे नको कारण ते भातात तुटून पडतात आणि मग जेवताना रडारड. चपटे आकार चांगले शिजतात, मासा किंवा पान सांगा.

मोठ्यांचे तिखट गोळे लांबट करा, मुटक्यासारखे, आणि पोरांचे गोल. शिजल्यावर रंगावरून काही कळत नाही, आकारावरूनच कळतं.

वळलेले गोळे ताटात एकमेकांना न लागता ठेवा आणि ताटावर झाकण. दहा मिनिटांत वरून सुकायला लागतात आणि भेगा पडतात, मे महिन्यात पंखा चालू असेल तर पाचच मिनिटांत. म्हणून वळायला बसायच्या आधीच तांदूळ धुऊन भिजवून ठेवलेला असला पाहिजे आणि दुसऱ्या गॅसवर पाणी तापत ठेवलेलं असलं पाहिजे.

तपासा: सगळे गोळे भातावर जायच्या आधी एक छोटा गोळा उकळत्या पाण्याच्या वाटीत मिनिटभर ठेवून बघा. पाणी थोडं गढूळ झालं तर ठीक. गोळा विरघळायला लागला तर मिश्रणात एक चमचा भरडा अजून टाकून परत वळा. कंटाळा येतो, पण पंधरा गोळे बुडवण्यापेक्षा एक बुडवलेला बरा.

६. भात, आणि ती दोन मिनिटं

रुंद बुडाचा जाड गंज (म्हणजे पातेलं) घ्या. उभट पातेल्यात गोळ्यांचे थर होतात, खालचे पिचतात, वरच्यांना वाफ कमी मिळते. गोळे एका थरात बसले पाहिजेत, म्हणून वळल्यावर एकदा रिकाम्या गंजात ते ठेवून बघितले तरी चालेल. मी बघतो.

चार वाट्या पाणी उकळलं की मीठ आणि अर्धा चमचा तेल, मग निथळलेला तांदूळ. गॅस मोठा, झाकण नाही. आता इथून हलू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सहा-आठ मिनिटांत पाणी कमी कमी होत भाताच्या बरोबरीला येतं. आधी मोठे बुडबुडे असतात, मग ते बारीक होतात, मग भाताच्या वरच्या थरात मुंग्यांच्या वारुळासारखी छिद्रं दिसायला लागतात आणि त्यातून पुकपुक वाफ येते. शीत दाबून बघा, बाहेरून मऊ आणि आत बारीक कणी. हीच ती वेळ. आता ठेवायचे गोळे.

याच्या आधी ठेवले तर उकळी गोळ्यांना आपटते आणि ते फुटतात, माझ्या पहिल्या वेळेसारखं. नंतर ठेवले तर भातातलं पाणी आटलेलं असतं, वाफ तयारच होत नाही, गोळे कच्चे राहतात आणि भात खाली लागतो. उशीर झालाच तर कडेकडेने पाव वाटी उकळतं पाणी सोडा, गार पाणी कधीच नाही.

गॅस बारीक करा, मग गोळे एकेक करून हलक्या हाताने वर ठेवा. दाबू नका, भातात खोचू नका, पळीने ढवळू तर अजिबात नका. गंजाखाली तवा सरकवा. झाकणाला सुती कपडा बांधा किंवा झाकण घट्ट बसत नसेल तर वर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा. घड्याळ लावा, अठरा मिनिटं.

सावध: गोळे ठेवायचं काम पोरं मागतात. वाफ हाताला लागते, देऊ नका. त्याऐवजी त्यांना घड्याळ लावायला सांगा.

७. अठरा मिनिटांत झाकण उघडू नये म्हणून: डाळीचा बैल

ही अठरा मिनिटं सगळ्यात अवघड, कारण "बाबा, माझा मासा शिजला का?" दर दोन मिनिटांनी. एकदा झाकण उघडलं की वाफ गेली, आणि मग सहा-सात मिनिटं वाढवावी लागतात. म्हणून मी हा दुसरा उद्योग याच वेळेसाठी राखून ठेवतो. तान्हा पोळा (आमच्याकडचा लहान पोरांचा पोळा) जवळ असेल तर बैल, नाहीतर जे सुचेल ते.

लागतं काय: कुरिअरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, पेन्सिल, फेव्हिकॉल, जुना ब्रश, आणि डब्यांच्या तळाशी उरलेलं धान्य. पांढऱ्या बैलाच्या अंगाला तांदूळ, झुलीला मसूर डाळ, शिंगांना तूरडाळ, डोळ्याला आणि खुरांना काळे उडीद, वेसणीला मोहरी.

इथेही क्रम असतो. आधी पेन्सिलने मोठा बैल, पुठ्ठा भरेल एवढा, कारण छोट्या बैलात दाणे बसत नाहीत आणि पोरं वैतागतात. मग फेव्हिकॉल एका वेळी तळहाताएवढ्याच भागाला लावायचा, अख्ख्या बैलाला लावला तर अर्धा भरेपर्यंत उरलेला सुकतो, पंख्याखाली तर लगेच. डोळा, शिंगं असे ठळक दाणे आधी, तांदळाचा भराव नंतर, आणि मोहरी अगदी शेवटी, कारण मोहरी आधी सांडली की ती सगळीकडे चिकटते आणि बैलाला देवी आल्यासारखं दिसतं. प्रत्येक भाग भरला की वर कागद ठेवून तळहाताने दाबायचा.

अठरा मिनिटांत अख्खा बैल होत नाही, तोंड आणि शिंगं होतात. उरलेला जेवणानंतर, किंवा पुढच्या रविवारी. पूर्ण झाल्यावर आडवाच ठेवा, पाच-सहा तास, उभा केला की तांदूळ घसरत खाली येतो. आमचा बैल एकदा रात्रीतून पोटुशा झाला होता.

८. फोडणी आणि सार

घड्याळ वाजलं की गॅस बंद, पण झाकण अजूनही नाही काढायचं, दहा मिनिटं मुरू द्या. याच दहा मिनिटांत फोडणी. पोरं बाहेरच्या खोलीत, हे काम एकट्याचं.

पाऊण वाटी फल्ली तेल कढईत तापवा, मोहरी तडतडली की गॅस बारीक, चिरलेला लसूण. लसूण कडेने बदामी व्हायला लागला की लगेच गॅस बंद, कारण तो तेलात बंद गॅसवरही पुढे भाजत राहतो. पूर्ण बदामी होईपर्यंत थांबलात तर काळा झालाच समजा. मग हिंग. आता पोरांच्या वाटीत यातलं दोन-तीन चमचे तेल काढून घ्या. उरलेल्यात सुक्या मिरच्या, आणि मिनिटभर थांबून तिखट. तापलेल्या तेलात लगेच तिखट टाकलं तर ते जळतं, घरभर ठसका आणि तेल काळंकुट्ट.

एकाच फोडणीत दोघांचं भागतं, वेगळी कढई घ्यायची गरज नाही.

चिंच सकाळीच कोमट पाण्यात टाकलेली असेल तर सार पाच मिनिटांचं काम आहे. कोळ काढून तीन वाट्या पाणी, गूळ, मीठ, जिरेपूड, वरून जिरे-कढीपत्त्याची फोडणी आणि एक उकळी. चिंच नसेल तर पातळ कढी करा, ताक तर घरात असतंच. पण यापैकी काहीतरी पातळ पाहिजेच.

९. उघडून बघणं आणि वाढणं

गंजाच्या कडेचा एक गोळा काढा आणि मोडा. मध्यभागी रंग बाहेरच्यासारखाच फिका आणि भुसभुशीत दिसला तर शिजला. मधे गडद पिवळा, चमकणारा, ओलसर ठिपका असेल आणि कच्च्या डाळीचा वास येत असेल तर कडेने दोन चमचे गरम पाणी शिंपडा आणि अजून सहा मिनिटं बारीक गॅसवर. कडेचाच गोळा का, तर कडेला आच कमी लागते, तो शिजला म्हणजे सगळे शिजले.

काढताना गोळे आधी वेगळ्या ताटात, मग भात उलथन्याने कडेने मोकळा करायचा. पानात भात, त्यावर गोळे हाताने कुस्करून, वर तेल. कुस्करायलाच पाहिजे, अख्खा गोळा भातासोबत खाल्ला तर चव लागत नाही. अगदी लहान पोरांना तर नुसता गोळा देऊच नका, कोरडा असतो, ठसका लागतो. सारात भिजवून बारीक कुस्करून भरवा.

ज्याने जो मासा, जी मेट्रो बनवली ती त्यालाच वाढायची. यात चूक झाली तर मी काही मदत करू शकत नाही.

फसलंच तर

गोळे फुटून भातात मिसळले: ढवळून टाका, पाऊण वाटी गरम पाणी आणि हिंग घालून दहा मिनिटं शिजवा, वर तीच फोडणी. त्याला डाळीची खिचडी म्हणा, कोणाला शंका येत नाही.

गोळे कच्चे आणि भात पूर्ण झालेला: गोळे उचलून चाळणीत ठेवून इडलीच्या भांड्यात दहा-बारा मिनिटं वाफवा. खरंतर ज्यांना पहिल्यांदाच करायचं आहे आणि पाहुणे येणार आहेत त्यांनी गोळे सुरुवातीपासूनच असे वेगळे वाफवावेत आणि भात होत आला की शेवटची पाच मिनिटं त्यावर ठेवावेत. आईला हे सांगू नका. भाताला गोळ्यांचा स्वाद कमी उतरतो हे खरं आहे, पण फुटायची भीती नाही.

गोळे दगडासारखे: बेसन जास्त झालं किंवा मोहन विसरलं. कुस्करून तेल सढळ हाताने घ्या, आता दुसरा उपाय नाही.

सोमवारच्या डब्यासाठी

माझ्यासारखे जे हे सगळं फक्त रविवारीच करू शकतात त्यांनी डाळ दुप्पट भिजवा. जास्तीचे गोळे त्याच दिवशी वाफवून, पूर्ण गार करून, डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगले राहतात. कच्चं मिश्रण ठेवू नका, दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं असतं आणि आंबतं. गरम गोळे डब्यात बंद केले तर झाकणाला घाम येऊन तेही चिकट होतात, म्हणून गार करायला ताटात पसरा.

सोमवारी सकाळी तव्यावर थोडं तेल, मोहरी, कांदा, त्यात चुरलेले गोळे, पाच मिनिटं परतले की पोळीसोबत डबा तयार. रात्री उरलेले चार-पाच गोळे उकळत्या कढीत सोडून दोन मिनिटं ठेवायचे, ते आधीच शिजलेले असतात म्हणून आता फुटत नाहीत. आमच्या पोराला रविवारच्या भातापेक्षा ही कढीच जास्त आवडते, त्यामुळे तो वळतानाच चार गोळे मोजून बाजूला ठेवतो आणि बहिणीला हात लावू देत नाही.